वाशीम भागातील गोऱ्ह्यांची विक्री : दूध तोडण्यापासून दात जुळण्यापर्यंत

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाचे लेखन आजवर बहुतांशी कापसाभोवती फिरत आलेले आहे. कापसाची लागवड, त्याची प्रतवारी, रेल्वे, जिनिंगचे कारखाने आणि सावकारी यांविषयी सरकारी कागदपत्रांत विपुल माहिती मिळते व अभ्यासकांनी तिचा उपयोगही केलेला आहे. परंतु ज्या बैलाच्या खांद्यावर हा सर्व डोलारा उभा होता, तो बैल शेतकऱ्याच्या दावणीला कोठून येई, कोणत्या वयात येई आणि त्याच्या पहिल्या तीन-चार वर्षांच्या पोटाचा भार कोण सोशी, या प्रश्नांकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वरवर पाहता हा गोठ्यातला किरकोळ प्रश्न वाटतो. वास्तविक वासराचे दूध केव्हा तोडावे व गोऱ्हा केव्हा विकावा या एका निर्णयात चारा, कर्ज, पाऊस आणि बाजार ही चारही सूत्रे एकत्र येतात; आणि विक्रीचे वय ज्या ज्या वेळी बदलले, त्या त्या वेळी या चारांपैकी कशात तरी पालट झालेला होता, असे दिसून येते.

येथे वाशीम भाग म्हणून जो प्रदेश अभिप्रेत आहे, त्याच्या सीमा अनेकदा हलल्या आहेत. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात बाशीम हे एक स्वतंत्र सरकार होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आले. पुढे बाशीम, मंगरूळ व पुसद या तीन तालुक्यांचा बाशीम जिल्हा अस्तित्वात होता; १९०५ मध्ये तो मोडून पहिले दोन तालुके अकोल्यास व पुसद यवतमाळास जोडण्यात आले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून निघालेल्या आजच्या वाशीम जिल्ह्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे सहा तालुके आहेत. पैनगंगा, काटेपूर्णा, अडाण व अरुणावती यांच्या उगमाकडचा हा उंच, चढउताराचा मुलूख होय. पूर्णेच्या खोऱ्यातील सलग काळ्या जमिनीच्या मानाने येथे माळ व झुडपी रान अधिक, आणि म्हणूनच गुरांची पैदास हा येथील जुना व्यवसाय.

वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. या नावातील 'वत्स' म्हणजे वासरू असे समजण्याचा मोह होतो. स्थलपरंपरा मात्र ते वत्स ऋषीशी जोडते आणि तो मोह आवरलेला बरा. त्याहून उपयुक्त पुरावा वाकाटकांच्या दानपत्रांत आहे. दान दिलेल्या गावास ज्या करांतून व वेठींतून सूट मिळे, त्यांच्या यादीत राजपुरुषांना आळीपाळीने गाई-बैल पुरविण्याच्या बंधनाचाही उल्लेख येतो. सूट द्यावी लागे याचा अर्थ एरव्ही ते बंधन होते. गावातील कामाचे जनावर ही राज्यकर्त्याच्या नजरेत भरणारी संपत्ती होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

वऱ्हाडातील गाय ही प्रामुख्याने दुधासाठी पाळली जात नसे, ही गोष्ट या विषयाच्या मुळाशी आहे. दूध-तुपासाठी म्हैस आणि बैलासाठी गाय, अशी विभागणी येथील कुणबी, बंजारा, गवळी अशा सर्वच समाजांत रूढ होती. गावरान गाय दिवसाला शेर-दीड शेर दूध देई, तेही वासरू पुढे असेल तोपर्यंतच. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी वऱ्हाडी गुरांचे दोन भेद नोंदविले आहेत : अंगाने मोठा, ओझ्याच्या कामाचा खामगावी, आणि लहान चणीचा, चपळ उमरडा. दोन्ही भेदांचे वर्णन कामाच्या अंगाने केलेले आहे, दुधाच्या नव्हे. त्यामुळे गाईचे खरे उत्पन्न म्हणजे तिचा गोऱ्हा. परदेशात मांसासाठी गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याची स्थितीही या एका बाबतीत अशीच असते. तोही गाय पोसतो ती तिच्या वासरासाठी. मात्र तेथे वासराचे दूध साधारणपणे सहा ते आठ महिन्यांच्या वयात तोडतात, अमेरिकेत तर २०५ व्या दिवसाचे वजन हे गाईची परीक्षा करण्याचे माप ठरून गेले आहे, आणि हिवाळ्यात गवत संपण्यापूर्वी शरद ऋतूत वासरे वजनावर विकली जातात. वाशीमच्या शेतकऱ्याने गोऱ्ह्याचे वजन कधी केले नाही. तो दात पाहत असे.

दूध तोडण्याचा निर्णय येथे एका दिवसाचा नसे. गावरान गाय वासराने ढुशी दिल्याखेरीज पान्हा सोडीत नाही. वासरू अकाली तोडले तर दूधही आटते. लष्कराच्या दुग्धशाळांनी, ज्यांपैकी पहिली १८८९ मध्ये अलाहाबादेस निघाली, वासरू जन्मतःच वेगळे करण्याची पद्धत हिंदुस्थानात आणली खरी, पण ती निवडक गाई, नोकरवर्ग व मोजून दिलेला खुराक यांवर उभी होती. एक-दोन गाईंच्या गोठ्यात तिचा शिरकाव होणे शक्य नव्हते. तेथे वासरासाठी सडे राखून ठेवण्याचा हिशेब चाले. दोन सडे माणसाची व दोन वासराची असा ढोबळ नियम असला, तरी कालवडीपेक्षा गोऱ्ह्याला सढळ हाताने पाजण्याकडे कल असे, कारण पुढे पैसा त्याचा यावयाचा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर वासरू कोवळे गवत व कडब्याचा पाला चघळू लागे, तसतसे दूध कमी केले जाई. गाय पुन्हा गाभण राहून आटू लागली की ती स्वतःच वासराला लाथेने दूर करी. एवढ्याने भागले नाही तर वासराच्या तोंडाला काटेरी मुसके बांधीत. काटे कासेला टोचताच गाय उभी राहत नसे. दुधाचा हा हिशेब घरातील स्त्रियांकडे असे, आणि विक्रीचा पुरुषांकडे. या दोन हिशेबांचा मेळ नेहमीच बसे असे नाही : घरात लहान मूल असेल तर गोऱ्ह्याचे दूध लवकर तुटे आणि त्याचा परिणाम दोन वर्षांनी बाजारात त्याच्या उंचीवर दिसे.

दूध तुटल्यापासून काम करू लागेपर्यंतचा काळ हा निव्वळ खर्चाचा. गावरान जनावर अडीच ते तीन वर्षांच्या सुमारास पहिले दोन पक्के दात करते. पुढे चौथ्या वर्षाच्या सुमारास चार, मग सहा, आणि पाच वर्षांच्या आतबाहेर आठही दात पूर्ण होऊन ते जुळते. बाजाराची सारी भाषा या दातांवर उभी आहे. दुधाचे दात असलेला तो अदत, दोन दातांचा दुसा, चार दातांचा चौसा, नंतर सहादाती व शेवटी जुळलेला. या प्रत्येक पायरीला गोऱ्ह्याची किंमत बदले, आणि प्रत्येक पायरीवर विकणाऱ्यापुढे तोच प्रश्न उभा राही : आणखी एक उन्हाळा काढावा की नाही ?

हा प्रश्न समजण्यासाठी दोन दातांपासून चार दातांपर्यंतच्या काळात काय काय होई ते पाहणे अवश्य आहे. गोऱ्ह्याला वेसण घालावयाची, त्याचे खच्चीकरण करावयाचे आणि त्याला कामाला लावावयाचे, ही तिन्ही कामे याच काळातील. खच्चीकरण फार लवकर केले तर वशिंड व खांदा भरत नाही. फार उशिरा केले तर जनावर अंगावर येते. म्हणून मान भरू लागली की हिवाळ्यात, माश्यांचा उपद्रव कमी असताना, ते उरकीत. जुनी पद्धत ठेचण्याची, अत्यंत क्लेशकारक आणि प्रसंगी जिवावर बेतणारी. इटलीत निघालेला बर्डिझोचा चिमटा सरकारी पशुवैद्यांमार्फत विसाव्या शतकात खेड्यांपर्यंत पोहोचला, तेव्हा ती हळूहळू मागे पडली. त्यानंतर शिकवणी. प्रथम जुन्या, शांत बैलाच्या जोडीने रिकाम्या बंडीला, मग मोकळ्या वावरात वखराला, आणि सर्वांत शेवटी डवऱ्याला. कपाशीच्या दोन ओळींमधून पीक न तुडविता डवरा ओढणे हे शिकलेल्या बैलाचे लक्षण. जो गोऱ्हा डवऱ्याला चालला, तो बैल झाला.

या तिन्ही टप्प्यांत जनावर दगावण्याचा, लंगडे होण्याचा किंवा खोडीचे निघण्याचा धोका होता. अदत विकणारा हा धोका घेणाऱ्याच्या माथी घाली व कमी किंमत स्वीकारी. चौसा विकणारा तो स्वतः उचली व त्याचा मोबदला घेई. कोणाला किती काळ थांबणे परवडते यावर सारे अवलंबून असे. ज्याच्याकडे आठ-दहा एकर ज्वारी होती, त्याला कडबा घरचा. कपाशी असेल तर सरकीही घरची. तो गोऱ्हा ठेवू शके, आणि बहुधा विकतच नसे. विकणारा असे तो ज्याच्याकडे गाय आहे पण रान नाही.

अशा विक्रेत्यांत बंजारा समाजाचे स्थान फार मोठे आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य, मीठ वाहून नेताना पाहिल्याचे लिहिले आहे. फौजांना रसद पुरविणाऱ्या या तांड्यांना लागणारे बैल त्यांच्याच कळपात जन्मत. त्या व्यवस्थेत गोऱ्हा विकण्याचा प्रश्न गौण होता. तो मोठा होऊन पाठीवर गोणी घेईपर्यंत कळपाबरोबर चाले, वाटेवरच्या रानात चरे, आणि त्याच्या चाऱ्याला पैसा पडत नसे. चालत्या कळपात उन्हाळ्याची अडचणही कमी, कारण कळपच पाण्याकडे सरके.

१८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला आणि ही व्यवस्था एका पिढीत संपली. वऱ्हाडातील पोलिस अधिकारी कंबरलेज याने १८८२ मध्ये बंजाऱ्यांविषयी लिहिले, ते हा समाज वाहतुकीतून बाहेर फेकला जात असतानाच्या काळात. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये नोंद केली त्या वेळी गुरांची पैदास, गुरांचा व्यापार व शेती याच त्यांच्या उपजीविका उरल्या होत्या. मानोरा, मंगरूळ व पुसद या बाजूंना तांडे स्थिर झाले. पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान याच मुलखात आहे. फिरता कळप स्थिर झाल्याबरोबर चारा ही मर्यादित वस्तू झाली. पाठीवर ओझे घेणाऱ्या बैलाची मागणी संपली होती, नांगर-वखराच्या बैलाची वाढत होती. तेव्हा जो गोऱ्हा पूर्वी कळपातच म्हातारा झाला असता, तो आता अदत वयात सखल भागातील कापूस-शेतकऱ्याकडे जाऊ लागला. विक्रीचे वय खाली येण्याचा हा पहिला टप्पा होय. टेकडीवर जन्म आणि काळ्या जमिनीत काम, अशी वाटणी त्यातून रूढ झाली.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव चढले आणि वऱ्हाडात पडीत जमिनी झपाट्याने लागवडीखाली आल्या. बैल अधिक लागू लागले व चराई कमी झाली, हे दोन्ही एकाच वेळी घडले. त्यातच सरकारी जंगलांचे इमारती लाकडाचे, गवताचे व चराईचे असे तीन वर्ग पाडून चराईवर फी बसविण्यात आली. गुरांची आबाळ व जंगलखाते यांचा संबंध जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये आवेशाने मांडला आहे. त्यांच्यासमोर मुख्यतः पश्चिम महाराष्ट्र होता, तरी त्यांचे निदान वऱ्हाडासही लागू पडते. गावठाणालगत गुरांसाठी राखलेली जमीन, जिला वऱ्हाडात आजही 'ई क्लास' म्हणतात, ती तेवढी उरली. सकाळी आखरावर गुरे जमवून ढोरकी ती तेथे नेई. त्या जमिनीवर गाईचे पोट अर्धेमुर्धे भरे. दूध तुटलेल्या गोऱ्ह्याला तेवढ्यावर वाढविणे कठीण होते.

येथे अर्धेलीच्या रिवाजाचा उल्लेख केला पाहिजे. ज्याच्याजवळ वासरू आहे पण चारा वा माणूस नाही, तो ते एखाद्या मजूर कुटुंबाकडे पोसण्यास देई. दूध तुटल्यावेळची किंमत पंचांसमक्ष ठरवून किंवा न ठरविता, पुढे विक्री झाली की येणारी रक्कम निम्मी-निम्मी वाटावयाची असा करार, अर्थात तोंडी. या करारात वाद होई तो बहुधा वाट्याविषयी नव्हे, वेळेविषयी. पोसणाऱ्याला दुसा होताच पैसा हवा असे, कारण रोज बांधावरचे गवत त्याने किंवा त्याच्या मुलांनी कापून आणलेले असे. मालकाला चौसा होईपर्यंत थांबावयाचे असे, कारण थांबण्याचा खर्च त्याचा नव्हता. जमीन नसलेल्या माणसाला भांडवल जमविण्याचा जो एक मार्ग उपलब्ध होता, तो या वेळेच्या वादात बहुधा मालकाच्या बाजूने वळे.

ऋतूंची अडचण याहून वेगळी. मृगाच्या आधी, चैत्र-वैशाखात, कामाच्या बैलाला सर्वाधिक मागणी येते. पण त्याच वेळी कडबा संपत आलेला असतो आणि जनावर हाडावर आलेले असते. दिवाळीनंतर कापसाचा पैसा गावात खेळू लागतो, जनावरही पावसाळ्याच्या हिरव्या चाऱ्याने भरलेले असते. परंतु पेरणी दूर असल्याने घेणाऱ्याला घाई नसते. शिकलेला चौसा वैशाखात विकणे फायद्याचे, अदत गोऱ्हा दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान विकणे फायद्याचे, असा अनुभवाने ठरलेला विवेक होता. तो पाळणे सर्वांस साधत नसे. सारा भरण्याचा हप्ता, लग्न, सावकाराचा तगादा यांनी विक्रीची तारीख ठरविली की मग दातांचा हिशेब बाजूला पडे. आणि ज्या वर्षी पाऊस दगा देई, त्या वर्षी सारा गाव एकदमच विकावयास निघे. १८९९-१९०० च्या दुष्काळात धान्याइतकाच चारा दुर्मिळ झाला व वऱ्हाडात गुरे मोठ्या संख्येने मेली. अशा वेळी प्रथम बाहेर जाई तो दूध तुटलेला गोऱ्हा. बैल ठेवावा लागे कारण पुढील पेरणी त्याच्यावर, गाय ठेवावी लागे कारण पुढील वासरू तिच्यावर. गोऱ्हा दोन्हींत बसत नसे. पाऊस परतला की बैलांची टंचाई होई, आणि जो गोऱ्हा कवडीमोलाने गेला त्याच वयाचा गोऱ्हा दामदुपटीने घ्यावा लागे.

बाजाराकडे वळताना एक विसंगती डोळ्यांत भरते. कारंजे हे आज वाशीम जिल्ह्यातील गाव. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ मध्ये येथेच सुरू झाला, असे शेतमालाच्या बाजारपेठेचा इतिहास सांगतो. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाच झाला. वजन, अडत, वाद यांची व्यवस्था लागली ती मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस हवा होता म्हणून. त्याच कारंज्याच्या परिसरात, उंबर्डा बाजार किंवा शेलूबाजार अशा ज्यांच्या नावातच बाजार आहे त्या गावांच्या मुलखात, गोऱ्ह्याचा सौदा मात्र रुमालाखाली बोटे दाबून होत राहिला. हेडी व दलाल यांची बोटांची भाषा विकणाऱ्या कुणब्याला अर्धवटच कळे. गुरांच्या बाजारावर नियमन आले ते महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषि उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याने, म्हणजे कारंज्याच्या कापसानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी. आणि पावतीची सक्ती झाली तरी रुमाल पूर्णपणे गेला नाही.

तथापि हेड्याला केवळ लुबाडणारा ठरविणे इतिहासास धरून होणार नाही. शेतकऱ्याला बैल हवा असतो तो एक नव्हे, दोन. आणि तेही उंची, रंग, शिंगांचे वळण व चाल यांनी जुळणारे. एका गाईला एका वेळी एकच गोऱ्हा होतो. रिसोडकडचा एक आणि मानोऱ्याकडचा एक अशी जोड लावण्यासाठी चार बाजार फिरणारा कोणी तरी लागतोच. जुळलेल्या जोडीची किंमत दोन सुट्या गोऱ्ह्यांच्या बेरजेपेक्षा बरीच अधिक येई आणि हा अधिक भाग हेड्याकडे जाई. म्हणून जाणता विक्रेता शेजारच्या घरच्या गोऱ्ह्याशी आपल्या गोऱ्ह्याची जोड आधीच लावून, दोघांनी मिळून विकण्याचा प्रयत्न करी. त्यासाठी एकाला दुसऱ्याच्या दातांची वाट पाहावी लागे. वरवर उशीर वाटणाऱ्या पुष्कळ विक्रींचे कारण हे आहे.

शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात हिंदुस्थानातील गुरांच्या प्रश्नाचे दुष्टचक्र म्हणून वर्णन केले : जनावरे निकृष्ट म्हणून अधिक पाळावी लागतात, अधिक पाळली म्हणून चारा पुरत नाही, चारा पुरत नाही म्हणून ती आणखी निकृष्ट होतात. आयोगाचे म्हणणे देशाच्या पातळीवर बरोबरच होते. परंतु एकेका गोठ्यात हे चक्र कोणत्या क्षणी फिरे, तर तो क्षण दूध तोडण्याचा. पहिल्या उन्हाळ्यात खुरटलेला गोऱ्हा पुढे कितीही सरकी घातली तरी उंची भरून काढीत नाही, हे प्रत्येक जुन्या शेतकऱ्यास ठाऊक असे. ठाऊक असूनही तो तसे होऊ देई, कारण त्या उन्हाळ्यात सरकी विकत घेण्यासाठी लागणारा पैसा गोऱ्हा विकल्यावरच येणार होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जुन्या चौकटीचा एकेक खांब निखळला. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा कारंज्यावरून जाणारा अरुंद लोहमार्ग शतकाच्या आरंभीच्या दशकांतच आला होता. पुढे सडका व मालमोटारी आल्या आणि लांब पल्ल्याच्या बंडीचे काम गेले. शौकाच्या दमण्या व रेंग्या, ज्यांना उमरडा चणीचे चपळ बैल जुंपीत, त्या मोटारीने अडगळीत टाकल्या. खरा पालट मात्र पिकाने घडवून आणला. १९८० नंतरच्या दोन दशकांत सोयाबीन या भागात पसरले आणि वाशीम हा सोयाबीनचा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्वारीचा पेरा आटला व त्याबरोबर कडबा गेला. सोयाबीनचे कुटार गुरे खातात, परंतु वाढत्या गोऱ्ह्याला पोसण्याच्या दृष्टीने ते कडब्याची बरोबरी करीत नाही. पेरणी, कोळपणी व मळणी यंत्रावर गेली. चौसा होईपर्यंत गोऱ्हा थांबविण्यासाठी लागणारा घरचा चारा आणि चौसा झाल्यावर त्याला मिळणारे काम, दोन्ही एकाच पिढीत ओसरले.

कायद्याचा परिणाम याच काळात जाणवू लागतो. वऱ्हाडास जनावरांच्या कत्तलीवरील निर्बंध नवे नव्हते. मध्यप्रांत-वऱ्हाडचा पशुरक्षण कायदा १९४९ चा आहे. महाराष्ट्राचा १९७६ चा पशुरक्षण कायदा १५ एप्रिल १९७८ पासून अमलात आला आणि त्यात 'गाय' या संज्ञेत तिच्या नर व मादी वासरांचाही समावेश होता. म्हणजे गोऱ्हा कायद्याच्या दृष्टीने त्या दिवसापासूनच संरक्षित झाला. तरीही बाजारावर मोठा आघात झाला नाही, कारण कामातून गेलेला बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता येत होता. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीस राष्ट्रपतींची मान्यता २०१५ मध्ये मिळाली आणि बैल व वळू यांनाही बंदी लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निर्णयात कत्तलीवरील ही बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस बाळगण्यावरील निर्बंध मात्र रद्द केले.

या बंदीच्या धार्मिक व राजकीय बाजूंची चर्चा पुष्कळ झालेली आहे. गोऱ्ह्याच्या किमतीशी तिचा संबंध ज्या मार्गाने येतो, तो थोडा आडवळणाचा आहे. वऱ्हाडी शेतकरी नवी जोडी क्वचितच रोख पैशाने घेई. थकलेली जोडी विकावयाची, आलेल्या रकमेत कापसाच्या पैशाची भर घालावयाची आणि दुसा किंवा चौसा आणावयाचा, अशी रीत होती. त्या रकमेचा पहिला भाग नाहीसा झाला की घेणाऱ्याची ऐपत तेवढ्याने कमी होते. आणि शेवटी किंमत न येणाऱ्या जनावरासाठी आरंभी किती द्यावयाचे, याचाही तो फेरविचार करतो. अशा रीतीने म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही, ही गोष्ट अदत गोऱ्ह्याच्या भावात उतरते. हा भार पडतो तो पुन्हा पैदास करणाऱ्यावर, म्हणजे ज्याच्याकडे गाय आहे पण रान नाही त्याच्यावरच.

आकडे या दिशेस दुजोरा देतात. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील गोवर्गीय माद्यांची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढून १४.५१ कोटींवर गेली, तर नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटून पावणेपाच कोटींच्या आत आली. निसर्गतः नर व मादी वासरे जवळजवळ सारखीच जन्मतात. तेव्हा ही तफावत जन्मानंतरची आहे : कोठे दूध लवकर तोडले जाते, कोठे वासराकडे दुर्लक्ष होते, कोठे ते रस्त्यावर सोडले जाते. सर्वच घट कायद्यामुळे झाली असे म्हणता येणार नाही, कारण ट्रॅक्टरने बैलाची गरज कमी केलेली होतीच. आणि केवळ ट्रॅक्टरमुळे झाली असेही नाही.

शंकरपटाच्या गोऱ्ह्यांचा अपवाद येथे नोंदवावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती थांबविल्या होत्या. १८ मे २०२३ च्या निकालाने महाराष्ट्राचा दुरुस्ती कायदा वैध ठरला आणि विदर्भातील पट पुन्हा उघडपणे भरू लागले. पटासाठी निवडलेल्या गोऱ्ह्याला आज जी किंमत मिळते, ती कामाच्या बैलाला स्वप्नातही मिळत नाही, आणि त्याचे दूधही कोणी लवकर तोडीत नाही. परंतु असा गोऱ्हा शेकड्यात एखादा. त्याच्यावर पैदाशीचा व्यवसाय उभा राहत नाही.

दरम्यान गोऱ्ह्याविषयीचा निर्णय आणखी मागे सरकला आहे. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ मोहिमेतून पुढे लिंगनिर्धारित रेतमात्रांचा प्रसार होऊ लागला. या मात्रांनी सुमारे ९० टक्के कालवडीच जन्मतात. संकरित गाय पाळणारा दूधउत्पादक या मात्रेसाठी अधिक पैसे मोजण्यास तयार असतो, कारण गोऱ्हा होण्याचा खर्च त्याला अधिक वाटतो. वाशीमच्या टेकड्यांवरील तांड्यांत मात्र गावरान गाय अजूनही कळपातील वळूनेच फळते व तिला पूर्वीइतकेच गोऱ्हे होतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकण्यासाठी दावणीला बैल असणारी घरे सखल भागात थोडी उरली आहेत. ती दिवाळीनंतर याच तांड्यांकडे चौकशी पाठवितात, आणि गोऱ्ह्याचे तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय आजही किमतीची गोष्ट निघत नाही.